कॉलेजच्या लॅबसाठी बूट होणारी कंटेनर इमेज: बांधायची कशी, यंत्रांपर्यंत पोचवायची कशी

दुधनाकाठ (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या लॅबमधली चाळीसेक यंत्रं रातोरात म्हातारी ठरली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आमच्याकडं निम्मा माल तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, बाकीचा चौथ्या-सहाव्या पिढीचा. नव्या खरेदीची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारू नका. तर लिनक्सवर जायचं ठरलं आणि मी बूटसीचा (अख्खी ऑपरेटिंग सिस्टम कंटेनर इमेज म्हणून यंत्रांवर चढवणारं हत्यार) रस्ता धरला. लॅब आता त्यावर चालू आहे, म्हणून इथं सगळं लिहून ठेवतोय. (आज्ञा देवनागरीत देतोय, टर्मिनलात टाकताना आपापलं रोमन करून घ्या.)

डॉकर किंवा पॉडमन ज्यांनी हाताळलंय त्यांना कंटेनर इमेज ठाऊक आहे; इतरांसाठी, प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायलींचं एकत्र गाठोडं. नेहमीचा कंटेनर म्हणजे भाड्याची खोली: कर्नल (सिस्टमचा गाभा) घरमालकाचा, आपण फक्त सामान लावायचं. बूट होणाऱ्या इमेजमध्ये कर्नल, इनिटरॅमएफएस (बूटची पहिली पायरी), सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा), फर्मवेअर असं अख्खं घर असतं. बांधणी मात्र त्याच कंटेनरफाइलनं (बांधणीच्या पायऱ्यांची यादी) होते आणि साठवण त्याच रजिस्ट्रीत (इमेजचं कोठार). यंत्रावर बूटसी नावाचं हत्यार ती इमेज उतरवतं आणि पुढच्या बूटला तीच ऑपरेटिंग सिस्टम म्हणून उभी राहते. खालची यंत्रणा ओएसट्रीची (सिस्टमच्या आवृत्त्या डिस्कवर जपणारं हत्यार) आहे. प्रकल्प रेड हॅटच्या लोकांनी सुरू केला, २०२५ च्या जानेवारीत तो सीएनसीएफ या क्लाउड-मुक्तस्रोत संस्थेच्या सँडबॉक्समध्ये (नव्या प्रकल्पांचा पहिला टप्पा) गेला.

माझी कंटेनरफाइल अगदी साधी आहे. फ्रॉमच्या ओळीत क्वे रजिस्ट्रीवरची सेंटओएस-बूटसी, टॅग (आवृत्तीची चिठ्ठी) स्ट्रीम९. मग एपेल (जादा पॅकेजांचं भांडार) जोडून एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप), जीसीसी (सी कंपायलर), पायथन, जावा. मग मराठीसाठी लँगपॅक्स-एमआर आणि आयबस-एम१७एन. सिस्टमसीटीएल इनेबल (सेवा बूटला चालू करणारी आज्ञा) बांधणीतच चालतं, कारण ते शेवटी नुसते सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणारे दुवे) बनवतं. अगदी तळाशी बूटसी कंटेनर लिंट. ही शेवटची ओळ गाळू नका. इमेजमध्ये दोन कर्नल राहिले वगैरे भानगडी ती बांधतानाच पकडते.

स्ट्रीम १० का नाही, हे आधीच सांगतो. स्ट्रीम १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) हवं. तिसऱ्या पिढीत ते नाही. चौथ्या पिढीत आय-थ्रीपासून वर आहे, पण त्याच काळातल्या पेंटियम-सेलेरॉनात नाही. स्ट्रीम ९ व्ही२ वर भागवतं आणि २०२७ च्या मेपर्यंत चालेल. फेडोरा तर याहून जुन्यावरही चालतं, पण त्याची एकेक आवृत्ती जेमतेम तेरा महिने जगते. सत्र परीक्षेच्या तोंडावर आवृत्ती बदलायची माझी तयारी नाही.

पहिल्यांदा यंत्रावर चढवायला बूटसी-इमेज-बिल्डर वापरलं. त्याला कंटेनर इमेज दिली की आयएसओ, क्यूकाउ२, रॉ, हव्या त्या प्रकारची डिस्क-फाइल काढून देतं. आयएसओ पेनड्राइव्हवर घेतली आणि एकेका यंत्राला लावली. ज्यांच्याकडं पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) आहे त्यांना किकस्टार्टमध्ये (आपोआप बसवणीची फाइल) ओएसट्रीकंटेनरची एक ओळ पुरते.

डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा: /यूएसआर (प्रोग्राम) इमेजचं, फक्त वाचायचं. /व्हार (बदलता डेटा) यंत्राचं, अपडेट त्याला हात लावत नाही. /ईटीसी (सेटिंग्ज) दोघांचं. यंत्रावर कुणी बदललेली फाइल तशीच राहते, न बदललेली नव्या इमेजमधून येते. मुलांचं होम /व्हारमध्येच असतं, त्यामुळं अपडेटनं कुणाचं प्रॅक्टिकल उडत नाही.

प्रश्न असतील तर विचारा.

तूरडाळ (लातूर)

लेख आवडला, पण एक रोखठोक प्रश्न. हेच काम आम्ही क्लोनझिलानं (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं हत्यार) वर्षानुवर्षं करतोय. एक यंत्र तयार करायचं, घोस्ट मारायचा, सगळीकडं ओतायचं. मध्येच काही बदल लागला तर तो सगळ्या यंत्रांवर एकदम करायला अ‍ॅन्सिबल आहेच. मग ही नवी भानगड कशाला?

दुधनाकाठ

सर, घोस्ट मारल्याच्या दिवशी सगळी यंत्रं सारखी असतात, हे खरं. महिन्याभरानं बघा. कुणी एका यंत्रावर डीएनएफ (पॅकेजं बसवणारी आज्ञा) चालवलेलं, दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं, तिसरं त्या दिवशी बंद होतं म्हणून अ‍ॅन्सिबलनं वगळलेलं. त्या यंत्राच्या पोटात काय आहे, ते मग कोण सांगणार? इथं बूटसी स्टेटस मारलं की इमेजचा डायजेस्ट (तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा) दिसतो. दोन यंत्रांचा डायजेस्ट एक म्हणजे /यूएसआर शब्दशः एक. आणि क्लोन ओतताना डिस्क पुसली जाते, मुलांच्या फायली आधी बाजूला काढाव्या लागतात.

अ‍ॅन्सिबल टाकून द्या असं म्हणत नाही. यंत्रागणिक वेगळं जे असतं, म्हणजे होस्टनेम, प्रिंटरचा पत्ता, ते अजून त्यावरच आहे.

तूरडाळ

डायजेस्टचा मुद्दा मान्य. क्लोनझिला मात्र सोडणार नाही, ज्यांच्याकडं विंडोजचीच सक्ती आहे त्यांना ही वाट नाही.

हुरडापार्टी (बीड)

भाऊ, लई भारी लिवलंय. पण नेटचं काय? माझं क्लासेसचं सेंटर आहे, वीस यंत्रं. लाइन एक, आणि ती बी पाऊस आला की जाती. इमेज जीबीच्या वर असणार, ती वीस यंत्रांनी येगयेगळी ओढायची म्हणल्यावर क्लास बंदच ठेवावा लागंल की.

दुधनाकाठ

हे नीट सांगतो, कारण आपल्याकडं खरी अडचण इथंच आहे.

इमेज थरांची असते आणि यंत्र फक्त बदललेले थर ओढतं. मूळ सेंटओएस-बूटसी इमेज आधीच बारीक बारीक थरांत फोडलेली असते, तिथं आपल्याला काही करायचं नाही. आपण वर घातलेले थर आपल्या हातात आहेत. कंटेनरफाइलमध्ये एकाच रनखाली (रनची एक ओळ म्हणजे एक थर) डेस्कटॉप, कंपायलर, फॉन्ट सगळं कोंबलं तर एक फॉन्ट वाढवला तरी तो अख्खा थर नव्यानं उतरणार. म्हणून जड आणि सहसा न बदलणारं आधी, हलकं आणि वरचेवर बदलणारं तळाशी. माझ्याकडं डेस्कटॉपचा रन वेगळा, भाषा-कंपायलरचा वेगळा, आणि आमच्या बारक्या फायलींचा कॉपी सर्वात शेवटी. त्या शेवटच्या थरातला बदल काही केबींचा असतो.

फ्रॉममधली मूळ इमेज बदलली की मात्र वरचे सगळे थर नव्यानं बांधले जातात आणि नव्यानं उतरतात. त्यातून सुटका नाही. ते मी महिन्यातून एकदाच करतो. सुरक्षेची तातडी असेल तर मध्येच.

दुसरं, लॅबमध्येच एका जुन्या यंत्रावर रजिस्ट्री चालवा. रजिस्ट्री:२ नावाची तयार इमेज आहे, पॉडमननं चालते, पोर्ट ५०००. रात्री स्कोपिओ कॉपीनं (एका रजिस्ट्रीतून दुसरीत इमेज नेणारी आज्ञा) बाहेरची इमेज त्यात ओढून ठेवायची, नेट एकदाच खर्च. यंत्रांच्या रजिस्ट्रीज-डॉट-कॉन्फमध्ये मूळ पत्ता तोच ठेवून आतल्या यंत्राला मिरर (स्थानिक प्रत) म्हणून लिहायचं. मिरर बंद असला तर यंत्र आपोआप बाहेर जातं. सकाळी वीस यंत्रं ओढतात ती लॅनवरून.

आणि नेट अगदीच मेलं तर स्कोपिओनंच ओसीआय-आर्काइव्ह (अख्खी इमेज एका फाइलमध्ये) काढून पेनड्राइव्हवर घ्या. बूटसी स्विचला (इमेजचा पत्ता बदलणारी आज्ञा) ट्रान्सपोर्ट म्हणून ओसीआय-आर्काइव्ह देता येतं. फक्त नंतर नेट आलं की परत रजिस्ट्रीच्या पत्त्यावर स्विच करायला विसरू नका, नाहीतर यंत्र त्या फाइलचीच वाट बघत बसेल.

हुरडापार्टी

मिररचं जमंल. जुनं डबडं पडूनच आहे कोपऱ्यात.

टर्मिनलताई (मूळ नांदेड, सध्या पुणे)

छान धागा. माझं पोटापाण्याचं काम हेच असल्यानं प्रकाशनाच्या बाजूचं थोडं बोलते. बांधणी सगळ्यांना जमते, घोळ होतो तो ढकलताना.

सगळी यंत्रं लेटेस्ट टॅगकडं डोळे लावून बसलेली असतील तर तुम्ही पुश केलेली प्रत्येक चूक थेट लॅबमध्ये उतरणार. दर बांधणीला तारखेचा टॅग द्या. तीच बांधणी चाचणीच्या टॅगवर ठेवा आणि त्या टॅगवर दोनच यंत्रं लावा, शक्यतो एक जुन्या पिढीचं आणि एक नव्या. ती दोन नीट चालली की स्कोपिओ कॉपीनं तीच इमेज, पुन्हा न बांधता, स्थिर टॅगवर न्या. "पुन्हा न बांधता" हे महत्त्वाचं. दुसऱ्यांदा बांधली की मधल्या काळात रेपोत आलेली नवी पॅकेजं आत शिरतात आणि तुम्ही तपासलेली वस्तू वेगळी, पाठवलेली वेगळी.

दुसरं, सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकणार असाल तर इमेजमध्ये वायफायचा पासवर्ड, खासगी कळ, काहीही नको. एका थरात फाइल घातली आणि पुढच्या थरात पुसली तरी ती खालच्या थरात असतेच, कुणीही उकरून काढू शकतं.

तिसरं, सही. कोसाइननं इमेजवर सही करा, सार्वजनिक कळ इमेजमध्येच ठेवा आणि पॉलिसी-डॉट-जेसनमध्ये (कुठली इमेज मान्य ते ठरवणारी फाइल) आपल्या रजिस्ट्रीसाठी सहीची सक्ती लिहा. युनिव्हर्सल ब्लूवाले ब्लूफिन आणि बझाइट या लिनक्सच्या इमेज अशाच गिटहबच्या आपोआप-बांधणी सेवेवर, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्सवर बांधून, सही करून प्रकाशित करतात. त्यांचा साचा सगळ्यांसाठी खुला आहे, तो उचलला तर निम्मं काम वाचतं. सार्वजनिक रेपोला अ‍ॅक्शन्सचे पैसे पडत नाहीत.

दुधनाकाठ

ताई, टॅगचं तसंच करतोय. सही अजून केलेली नाही, साचा बघतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

सर, तुमच्यासारखंच केलंय, पण आमच्याकडं अपडेट येतंय अन् बसंना! मूळ इमेजमधला टायमर आपोआप अपडेट करून यंत्र रीबूट करतो. प्रॅक्टिकल चालू असताना यंत्रं धडाधड रीबूट व्हायला लागली, पोरांनी डोकं खाल्लं. म्हणून सर्व्हिसला ड्रॉप-इन (मूळ सेटिंगवरची छोटी दुरुस्ती-फाइल) लावून नुसतं बूटसी अपग्रेड ठेवलं, अप्लाय (लगेच रीबूट करणारा पर्याय) काढून टाकलं. म्हटलं संध्याकाळी बंद होतील, सकाळी नव्यावर उठतील. तर सकाळी सगळी जुन्यावरच. कामून व्हायलंय कळंना. रजिस्ट्री बरोबर आहे, डायजेस्ट नवा आहे, लॉगात एरर नाही.

दुधनाकाठ

संध्याकाळी आणि सकाळी बूटसी स्टेटस काय दाखवतं?

बालाघाटी

संध्याकाळी स्टेज्डमध्ये (पुढच्या बूटची) नवी इमेज, बूटेडमध्ये (आता चालू असलेली) जुनी. सकाळी स्टेज्ड रिकामं, बूटेडमध्ये तीच जुनी. रोलबॅकमध्ये त्याच्याही आधीची.

तूरडाळ

डिस्क भरली असेल. /बूट तपासा.

बालाघाटी

तपासलं सर. भरपूर जागा आहे दोन्हीकडं.

टर्मिनलताई

संध्याकाळी यंत्रं बंद कोण करतं आणि कशी? आणि सकाळी जर्नलसीटीएल बी उणे एक मारून मागच्या बूटच्या लॉगच्या शेवटच्या ओळी इथं सांगा.

बालाघाटी

शेवटची ओळ क्रोनीची (घड्याळ जुळवणारी सेवा), चार पन्नासची. त्यापुढं काहीच नाही. बंद मामा करतात. पाच वाजले की लॅबचा मेन खाली. पंखे, लाइट, कॉम्प्युटर, सगळं एकदाच.

टर्मिनलताई

सापडलं!

बूटसी अपग्रेड इमेज उतरवतं, /यूएसआर तयार करून डिस्कवर ठेवतं, पण बूटलोडरला (चालू होताना कुठली सिस्टम उठवायची ते ठरवणारा) लगेच हात लावत नाही. "पुढच्या वेळी हे" अशी नोंद फक्त /रनमध्ये करून ठेवतं. /रन म्हणजे मेमरी. यंत्र रीतसर बंद होताना ओएसट्री-फायनलाइझ-स्टेज्ड ही सर्व्हिस जागी होते, /ईटीसीचा मेळ घालते आणि बूटलोडरची नोंद बदलते. मुद्दाम तसं केलंय, म्हणजे दिवसभरात तुम्ही /ईटीसीत केलेले बदल शेवटच्या क्षणापर्यंत धरले जातात. मेन खाली ओढला की /रन गेलं, नोंद गेली, आणि सकाळी यंत्र जुन्यावर उठतं. एरर दिसणार कुठून? कुणाचं काही चुकलेलंच नाही.

जर्नल चार पन्नासलाच तुटलंय, हाच पुरावा. रीतसर शटडाउन असता तर पुढं पन्नास ओळी दिसल्या असत्या.

हुरडापार्टी

घ्या! म्हंजी अपडेट रोज मामाच खात होते.

बालाघाटी

ताई, पाय कुठंयत तुमचे. पण मामांना "आधी प्रत्येक यंत्र शटडाउन करा" सांगून भागणार नाही. त्यांना वरच्या मजल्याची पण कुलपं लावायची असतात.

टर्मिनलताई

मामांना कशाला त्रास. सिस्टमडीचा टायमर लावा: सोमवार ते शनिवार, चार पस्तीसला पॉवरऑफ. शेवटचं प्रॅक्टिकल साडेचारला सुटत असेल तर कुणाला अडचण नाही. मेन पाचला पडेपर्यंत फायनलाइझ होऊन जातं. युनिट फाइल (टायमरची व्याख्या) /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टमखाली ठेवा, /ईटीसीत नको, म्हणजे यंत्रागणिक फरक पडणार नाही.

अपडेटचा टायमरही बघून घ्या. मूळचा बूटनंतर तासाभरानं सुरू होतो आणि वर दोन तासांपर्यंत मुद्दाम वेळ इकडं-तिकडं करतो, म्हणजे सगळी यंत्रं एकदम रजिस्ट्रीवर तुटून पडू नयेत. पुढची खेप आठ तासांनी. तुमची यंत्रं दिवसातून सहा-सात तास चालतात, म्हणजे एकच संधी. उशिरा सुरू झालेल्या यंत्रावर तीही हुकेल. लॅबमध्ये मिरर असेल तर तो दोन तासांचा फरक वीस मिनिटांवर आणा.

दुधनाकाठ

आणि बालाघाटी सर, एक गंमत लक्षात घ्या. हा चार पस्तीसचा टायमर यंत्रांवर जाणार तो अपडेटमधूनच, आणि अपडेट तर बसत नाही. तेव्हा पहिल्या वेळी तुम्हाला स्वतः लॅबमध्ये थांबून प्रत्येक यंत्र रीतसर बंद करावं लागेल. उतरवलेले थर डिस्कवर असतातच, बहुतेक यंत्रांना फार ओढावं लागणार नाही.

तूरडाळ

हा सगळा वीज गेल्याचाच प्रकार की हो. मग आमच्यासारख्या ठिकाणी लाइट नेमकी ते फायनलाइझ चालू असताना गेली तर? यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच मेल्यात.

टर्मिनलताई

तेव्हासुद्धा एकतर जुनं किंवा नवं, अर्धवट नाही. बूटलोडरच्या नोंदींचा नवा संच बाजूला पूर्ण लिहिला जातो आणि मग एक सिमलिंक फिरवली जाते. ती फिरली तर नवं, नाही तर जुनं. डीएनएफ अपडेटच्या मध्यात लाइट गेलेलं यंत्र ज्यांनी दुरुस्त केलंय त्यांना यातला फरक कळेल. फक्त स्वस्तातल्या एसएसडीनं "लिहिलं" म्हणून खोटंच सांगितलं असेल, तर त्यावर कुणाकडंच औषध नाही.

वाळूज_शिफ्ट२ (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडं शॉपफ्लोअरवर लाइनचे डिस्प्ले आहेत, तिथं आम्ही हेच वापरतो. दोन गोष्टी भर घालतो.

एक, ग्रीनबूट लावा. बूट झाल्यावर तुमच्या तपासणीच्या स्क्रिप्ट ते चालवतं. ठरावीक खेपांत पास झाल्या नाहीत तर आपोआप मागच्या इमेजवर जातं. आमची स्क्रिप्ट एवढंच बघते की डिस्प्लेचं अ‍ॅप उभं राहिलं का. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरला पिंग वगैरे घालू नका. सर्व्हरच बंद असला की सगळी यंत्रं विनाकारण मागं जातात.

दोन, रोलबॅक म्हणजे जादू नव्हे. /व्हार मागं जात नाही. नव्या इमेजमधल्या अ‍ॅपनं डेटाबेसची रचना बदलली असेल आणि तुम्ही जुन्या इमेजवर गेलात, तर जुनं अ‍ॅप नव्या रचनेसमोर गोंधळून उभं राहतं.

बालाघाटी

अजून एक विचारतो. इमेजमध्ये विद्यार्थी खात्याचा पासवर्ड बदलला, काही यंत्रांवर आला, काहींवर नाही. हे पण मामाच का?

दुधनाकाठ

नाही, इथं मामा निर्दोष. ज्या यंत्रांवर कुणी कधी पासवर्ड बदलला किंवा नवं खातं काढलं, तिथं /ईटीसीतली पासवर्ड ठेवणारी शॅडो फाइल "यंत्राची" झाली. मग इमेजमधली नवी प्रत तिथं येत नाही. मेळ अख्ख्या फाइलचा होतो, ओळीओळीचा नाही. खाती कंटेनरफाइलमध्ये यूजरअ‍ॅडनं काढू नका, सिस्यूजर्सची (बूटला खाती तयार करणारी सेवा) फाइल ठेवा. पासवर्ड अ‍ॅन्सिबलनं द्या.

हुरडापार्टी

माझ्याकडं उबुंटू आहे. त्याच्यावर व्हतंय का? अन् सीडॅकच्या बॉस लिनक्सवर?

टर्मिनलताई

बॉस डेबियनवर उभं आहे. डेबियन-उबुंटूच्या बूटसी इमेज लोकांनी हौसेनं बनवल्यात, पण क्लासचा धंदा त्यावर चालवू नका. भक्कम पाया सध्या फेडोरा, सेंटओएस स्ट्रीम आणि रेड हॅटचाच. मुलांना काय, एक्सएफसीई दिसलं की खाली काय आहे ते कुणी विचारत नाही.

तूरडाळ

आणि प्रिंटर? आमचा जुना लेझर आहे, त्याचा ड्रायव्हर /ऑप्टमध्ये बसतो आणि तिथंच लिहीत राहतो.

दुधनाकाठ

/ऑप्ट इमेजचा भाग, चालू यंत्रावर लिहिता येत नाही. बांधताना ड्रायव्हर बसवा, आणि तो ज्या फोल्डरमध्ये लिहितो तेवढं /व्हारकडं सिमलिंक करा. /व्हारमधलं ते फोल्डर टीएमपीफाइल्सच्या (बूटला फोल्डर तयार करणारी सेवा) ओळीनं तयार करवून घ्या. इमेजच्या /व्हारमध्ये ठेवलेलं फक्त पहिल्या बसवणीला उतरतं, नंतरच्या अपडेटमध्ये नाही.

बालाघाटी

कळवतो. काल सगळी यंत्रं हातानं बंद केली. आज सकाळी सगळ्यांवर नवा डायजेस्ट, दोन सोडून. ती दोन जुन्यावरच आहेत, बूटसी अपग्रेड मारलं की रजिस्ट्रीचा सर्टिफिकेटचा एरर देतात.

टर्मिनलताई

त्या दोघांची तारीख बघा, ती चुकली की सर्टिफिकेट अवैध ठरतं. सीमॉसची (यंत्राचं घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी गेली असेल.

बालाघाटी

२०१५ दाखवतायत! सेल आणायला माणूस पाठवलाय.